शहराचा ताण, सत्ता आणि आवाज करणारे वेश : आवाज कापडातूनच काढावा की वेशात स्पीकर बसवावेत?

सुईदोरा यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही पुण्यातील काही जण नाट्यवेश आणि वस्त्रकाम या क्षेत्रांत काम करतो. सध्या आम्ही एक बिनसंवादी प्रयोग बसवत असून त्यात कलाकारांच्या अंगावरचे वेश हीच वाद्ये असतील. विषय आहे शहरातला ताण आणि त्या ताणामागची सत्ता. पात्रे चार आहेत : सिग्नलला अडकलेला दुचाकीस्वार, दिवसभर चौकात उभा असलेला वाहतूक हवालदार, सोसायटीच्या फाटकावरची सुरक्षारक्षक बाई, आणि गाडीच्या काचा वर करून मागच्या सीटवर बसलेला गृहस्थ, ज्याला यातले काहीच ऐकू येत नाही.

आमच्यात दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की वेशांच्या अस्तरात छोटे स्पीकर शिवून त्यांतून चौकात टिपलेले आवाज वाजवावेत. बाकीच्यांना वाटते की आवाज कापडाचाच हवा, म्हणजे भरपूर खळ देऊन कडक इस्त्री केलेली खाकी, गोधडीच्या थरांमध्ये भरलेले प्लास्टिक, रेक्झिनच्या पट्ट्या, किल्ल्यांचे जुडगे, बाटल्यांची पत्र्याची झाकणे. दोन्ही प्रकार तालमीत ओळखीच्या लोकांना दाखवले. स्पीकरचा प्रकार पाहून लोक म्हणाले की हे ध्वनिप्रदूषणविरोधी पथनाट्य वाटते. कापडाचा प्रकार पाहून म्हणाले की फार सुंदर वाजते, अगदी लोकनृत्यासारखे. सत्तेचा विषय दोन्हींपैकी एकातूनही कोणापर्यंत पोहोचला नाही आणि आमची अडचण नेमकी हीच आहे. अंगावर घालण्याची वस्त्रकला आणि आवाज यांतून इतर कलाकारांनी हा विषय कसा हाताळला आहे, आणि तांत्रिक बाजूने कोणता मार्ग टिकाऊ आहे, याबद्दल जाणकारांनी लिहावे ही विनंती.

अनाहत यांचा प्रतिसाद

तुमच्या पेचाशी सर्वांत जवळचे काम अमेरिकन कलावंत निक केव्ह यांच्या ‘साउंडसूट’ (म्हणजे वाजणारे वेश) या मालिकेचे आहे, आणि तिचा उगम नीट समजून घेतला तर तुमच्या दोन तटांमधला वाद बराचसा मिटेल, असे मला वाटते.

३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला रस्त्यावर बेदम मारहाण केली आणि जवळच्या एका रहिवाशाने ती कॅमेऱ्यात टिपली. चित्रफीत साऱ्या जगाने पाहिलेली असूनही २९ एप्रिल १९९२ रोजी आरोपी पोलीस जवळजवळ सर्व आरोपांतून सुटले आणि शहरात दंगल उसळली, जिच्यात ५० हून अधिक माणसे मेली. केव्ह तेव्हा शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत शिकवत होते. स्वतः कृष्णवर्णीय असल्यामुळे, कलाशाळेच्या बाहेर पाऊल टाकले की आपणही याच नजरेच्या कक्षेत येतो, ही जाणीव त्यांना त्या काळात छळत होती. ग्रँट पार्कमध्ये बसलेले असताना त्यांना जमिनीवर पडलेल्या काटक्या दिसल्या : कोणाच्या लेखी किंमत नसलेल्या, पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या. त्यांनी त्या गोळा केल्या, बोटाएवढे तुकडे केले, प्रत्येकाला भोक पाडले आणि तारेने अंगभर पसरणाऱ्या कापडी झग्यावर दाटीवाटीने बांधले.

त्यांच्या मनात तेव्हा केवळ एक शिल्प होते. ते अंगावर चढवून हालचाल केल्यावर त्याचा आवाज होतो हे लक्षात आले, आणि मालिकेला नाव तिथून मिळाले. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने या वेशातली विसंगती महत्त्वाची आहे. तो वेश चिलखत आहे, कारण आतल्या माणसाचा रंग, लिंग, वर्ग यांपैकी काहीही बाहेरून कळत नाही. तरीही आत लपलेला माणूस एक पाऊल टाकताच सर्वांच्या माना वळतात. लपणे आणि स्वतःला जाहीर करणे एकाच वस्त्राने एकाच वेळी साधलेले आहे, आणि त्यामुळे रस्त्यावर कोणाकडे कोण कोणत्या नजरेने पाहते हा प्रश्न एकही शब्द न उच्चारता प्रेक्षकाच्या अंगावर येतो.

पुढे केव्ह यांनी ५०० हून अधिक साउंडसूट केले. बटणे, टिकल्या, जुने स्वेटर, क्रोशाचे रुमाल, रंगवलेले केस, पत्र्याची खेळणी, जुन्या बाजारात मिळेल ते सगळे त्यांत आले. मार्च २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात त्यांनी राफिया नावाच्या ताडाच्या तंतूंचे ३० घोडे आणले. प्रत्येक घोड्याच्या आत दोन नर्तक होते आणि वीणेच्या जातीच्या हार्प या वाद्याच्या साथीने ते सगळे तंतू सळसळत होते. गाडी पकडायला निघालेले लोक थबकून पाहत राहिले. हे काम देखणे आहे यात शंका नाही. तरी माझे स्पष्ट मत असे की काटक्यांच्या पहिल्या वेशातला दाह या घोड्यांत उरलेला नाही. ‘लोकनृत्यासारखे सुंदर’ ही तुम्हाला मिळालेली दाद इथेही तशीच्या तशी देता येते.

केव्ह यांनाही सजावटीची ही ओढ जाणवली असावी, असे त्यांच्या २०१५ च्या ‘टीएम १३’ या कामाकडे पाहून वाटते. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या निःशस्त्र मुलाला गोळी घालून मारण्यात आले. त्याच्यावरच्या या साउंडसूटमध्ये टोपीचा स्वेटर आणि बूट दिसतात, त्यांच्याभोवती प्लास्टिकच्या पोकळ बाहुल्या आहेत, आणि या सगळ्यावरून मण्यांचे जाळे घट्ट ओढून घेतले आहे. त्या आकृतीला नाचायला जागाच नाही. बाकीचे शेकडो साउंडसूट वाजतात हे ठाऊक असलेल्या माणसाला या एकाचे न वाजणे असह्य होते.

म्हणून स्पीकर की कापड हा वाद तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या चार पात्रांपैकी कोणाला गप्प राहण्याची मुभा आहे आणि कोणाला इच्छा नसतानाही वाजत राहावे लागते, हे आधी ठरवा. शहरात अधिकार असलेला माणूस मोठा आवाज करतो असे आपण गृहीत धरतो, पण बहुतेक वेळा तो आवाजापासून दूर राहू शकतो, आणि त्याचा अधिकार दिसतो तो इथेच. तुमच्या काचेआडच्या गृहस्थाचा वेश मऊ असावा, त्याची सळसळसुद्धा होऊ नये. मुद्दाम अस्तर लावून, शिवणी आत दाबून, बटणांच्या जागी लपवलेले हूक लावून तो निःशब्द करायला जे कष्ट पडतील, ते या प्रयोगातले सर्वांत महत्त्वाचे वस्त्रकाम ठरेल.

धनऋण यांचा प्रतिसाद

अनाहत यांनी आशयाचे लिहिले आहे, त्यामुळे मी यंत्राच्या बाजूपुरते लिहितो.

तिसराही एक मार्ग आहे आणि तो दोन्ही तटांना मान्य होईल : आवाज कापडाचा, मोठा केलेला. त्यासाठी पिझो चकती वापरतात. ही पितळेची पातळ चकती असते, इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात अगदी स्वस्त मिळते, आणि हवेतला आवाज न पकडता जिला चिकटलेली असेल त्या वस्तूची थरथर पकडते. खाकीच्या कोपराच्या घडीत, काखेच्या शिवणीलगत किंवा पट्ट्याखाली, नमद्याच्या दोन तुकड्यांमध्ये ती कच्च्या टाक्याने बसवा. खळ दिलेली खाकी कोपरात मोडताना जो बारीक कडकड आवाज येतो, तो मोठा केल्यावर लाकूड पिचल्यासारखा ऐकू येतो. हवालदाराने नुसता हात वर केला तरी सभागृह दचकेल. एकच खबरदारी घ्यावी : चकती थेट ध्वनियंत्रणेच्या मिक्सरला जोडू नये. तिला किमान एक मेगाओहम इनपुट रोध असलेला प्रीअॅम्प, म्हणजे क्षीण संकेत आधी मोठा करणारे छोटे यंत्र, लागतो, नाहीतर खर्जाचे स्वर गळून जातात आणि आवाज पत्र्यासारखा येतो. तार शिवणीच्या आतून न्यावी आणि दर चार बोटांवर टाक्याने धरून ठेवावी, कारण लोंबणाऱ्या तारेचा स्वतःचाच आवाज फार होतो.

वेशात स्पीकर बसवण्याचीही जुनी परंपरा आहे. बेन्वा मोब्रे हे ध्वनिकलावंत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बर्लिनमध्ये आपल्या ‘ऑडिओ ग्रुप’सह अॅम्प्लिफायर आणि स्पीकर बसवलेली जाकिटे करत आले आहेत. त्यांच्या ‘ऑडिओ बॅलेरिना’ प्लेक्सिग्लासच्या (पारदर्शक कडक प्लास्टिकच्या) घेरावर सौरपट्ट्या, प्रकाश ओळखणारे संवेदक आणि स्पीकर घेऊन नाचतात, त्यामुळे सावली पडली किंवा दिवा जवळ आला की आवाज बदलतो. त्यांच्या कामातून घेण्यासारखी गोष्ट ही की स्पीकर नुसते ध्वनिमुद्रण वाजवत नाहीत, अंगाच्या हालचालीला आणि आसपासच्या जागेला उत्तर देतात. तुमच्या प्रयोगात चौकाचे तयार ध्वनिमुद्रण वाजले, म्हणून लोकांना ते पथनाट्य वाटले असावे. वेशाचा आणि आवाजाचा एकमेकांशी काही संबंधच राहिला नाही.

वाहक धाग्याबद्दल, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धाग्याबद्दल, बरीच माहिती ‘कोबाकांत’ या नावाने काम करणाऱ्या हॅना पर्नर-विल्सन आणि मिका सातोमी यांनी खुली ठेवली आहे. सैल विणीचे वाहक कापड ताणले की त्याचा विद्युतरोध बदलतो, म्हणजे कोपर, गुडघा, श्वासाबरोबर फुगणारी छाती यांवरून आवाज नियंत्रित करता येतो. चांदीचा मुलामा असलेला धागा घामाने काळा पडतो, स्टीलचा टिकतो पण शिलाई मशीनला त्रास देतो. घडी पडून दोन वाहक शिवणी एकमेकींना टेकल्या की शॉर्ट होतो, म्हणून त्यांच्यामध्ये अस्तराची पट्टी हवीच. लिथियम बॅटरी कधीही अंगाला लागून ठेवू नये. वेगळी पिशवी करावी आणि ती एका झटक्यात सुटेल अशी टिचबटणांवर लावावी.

काचेआडच्या गृहस्थासाठी एक कल्पना सुचते. क्रिस्टिना कुबिश या जर्मन कलावती २००४ पासून ‘इलेक्ट्रिकल वॉक्स’ हे काम करतात. त्या लोकांना तारेची वेटोळी बसवलेले हेडफोन देतात. ते घालून शहरातून चालले की एटीएम, दुकानांच्या दारातले चोर पकडणारे खांब, जाहिरातींचे दिवे, ट्राम यांची विद्युतचुंबकीय क्षेत्रे ऐकू येतात, आणि एरवी शांत वाटणारी जागा गुणगुणत असल्याचे कळते. तुमच्या गृहस्थाच्या मऊ कोटात, अस्तरावर, बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी भरतकामासारखी टाक्यांनी धरून बसवा आणि त्यांचा आवाज प्रेक्षकांतील काहींच्या हेडफोनमध्ये सोडा. बाकीच्यांना तो निःशब्द दिसेल, हेडफोनवाल्यांना मात्र त्याच्या फोनचा, घड्याळाचा, जवळून जाणाऱ्या दिव्यांचा किरकिराट सतत ऐकू येईल.

वाकळ यांचा प्रतिसाद

वरचे दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत. मला एका सावधगिरीबद्दल लिहायचे आहे, कारण अशा चर्चेत कोणीतरी लवकरच सुचवील की हे सगळे बाहेरून कशाला आणायचे, आपल्याकडे पोतराज आहेच.

खरोखरच आहे. कमरेला रंगीत खणांच्या आणि चिंध्यांच्या पट्ट्यांचे आभरान, पायांत घुंगरांचे जड चाळ, हातात आसूड, बरोबरच्या बाईकडे ढोलके आणि डोक्यावर मरीआईचा गाडा. चालताना आभरान फिरते, चाळ वाजतात, आणि मग आसूड हवेत कडाडून त्याच्याच दंडावर किंवा पाठीवर उतरतो. अंगावरचे वस्त्र, आवाज आणि सत्ता यांचा इतका थेट मेळ मी दुसरा पाहिलेला नाही. पण त्याच्या अंगावर हे वस्त्र चढले ते जातीने. मुलगा नवसाने सोडला जायचा, केस वाढवायचे, दारोदार फिरायचे, आणि गावाने मूठभर धान्य घालून स्वतःचे भय त्याच्या पाठीवर फोडून घ्यायचे. आंबेडकरी चळवळीच्या प्रभावाने अनेक घराण्यांनी केस कापून आणि आभरान उतरवून ही प्रथा सोडली. ज्यांनी ते उतरवण्यासाठी झगडा केला, त्यांचा वेश आपण तालमीत हौसेने अंगावर घालणे मला तरी पटत नाही. तुमच्या तालमीला मिळालेली ‘लोकनृत्यासारखे’ ही दाद मला यासाठीही अस्वस्थ करते.

त्याचा वेश घेऊ नये, मात्र त्याच्याकडे पाहून एक प्रश्न जरूर घ्यावा : आवाज काढणारे साधन कोणाच्या हातात आहे आणि तो आवाज कोणाच्या अंगावर पडतो?

याच प्रश्नाचे फार निराळे उत्तर अत्सुको तानाका यांच्या दोन कामांत मिळते. त्या जपानमधील ‘गुताई’ या प्रयोगशील गटाच्या कलावती. १९५५ च्या ‘बेल’ या कामात त्यांनी दालनाच्या कडेने २० विजेच्या घंटा एका तारेत ओवल्या आणि बटण प्रेक्षकाच्या हाती दिले. कोणी ते दाबले की घंटा एकीनंतर एक वाजत दूर जायच्या आणि परत यायच्या. सगळे दालन आपण हादरवतो आहोत, याची लाज आणि मजा दाबणाऱ्याला एकदमच वाटत असणार. पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यांनी ‘विजेचा पोशाख’ केला. ओसाका स्थानकातली निऑनची जाहिरात पाहून ही कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. रंग दिलेल्या सुमारे २०० दिव्यांचा आणि नळ्यांचा तो डोलारा अंगावर घेऊन त्या उभ्या राहिल्या तेव्हा चेहरा आणि हात तेवढे दिसत होते. दिवे उघडझाप करत होते, तापत होते, आणि विजेचा झटका बसण्याचा धोका खरा होता. युद्धानंतर झगमगू लागलेले शहर एका बाईच्या अंगावर किती जड होते, हे त्यांनी कसलेही भाष्य न करता दाखवले.

तुमच्या प्रयोगात बटण कोणाकडे आहे? तालमीत सगळे आवाज कलाकारच काढत होते आणि प्रेक्षक सुरक्षित अंतरावर बसून ऐकत होते, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. मुंबई वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलवर केलेला आणि २०२० च्या सुरुवातीला लोकांसमोर आणलेला प्रयोग आठवून पाहा. खांबांवर ध्वनिमापक बसवले होते आणि हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. लोकांनी त्याचे फार कौतुक केले. मला त्यातली दुसरी बाजू अधिक बोलकी वाटली : हॉर्न वाजवणारा एक आणि थांबायचे सगळ्यांनी, त्यात हॉर्नला हातही न लावलेला सायकलवाला आणि चौकात उभा असलेला हवालदारही आला. ही यंत्रणा जशीच्या तशी रंगमंचावर आणता येईल. प्रेक्षागृहात ध्वनिमापक ठेवा. प्रेक्षकांची कुजबुज, खोकला, हसू ठरावीक पातळीच्या वर गेले की दुचाकीस्वाराने आपली सगळी हालचाल पहिल्यापासून सुरू करावी आणि सुरक्षारक्षक बाईने पुन्हा उठून उभे राहावे. प्रेक्षकांना हे आधी सांगू नका. त्यांचे त्यांना उमजू द्या.

सुईदोरा यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. वाकळ यांचा पोतराजाविषयीचा मुद्दा आमच्या गटात वाचून दाखवला आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली. पत्र्याच्या झाकणांचे कंबरपट्टे त्यानंतर आम्ही काढून टाकले आहेत, कारण घुंगरांची आठवण त्यांतूनच येत होती.

आता आराखडा असा ठरतो आहे. खाकीत पिझो चकत्या बसवायच्या. सुरक्षारक्षक बाईच्या गणवेशावर एकही चकती नको, फक्त किल्ल्यांचा जुडगा राहील, तोही तिने आवाज होऊ नये म्हणून सतत मुठीत दाबून धरलेला, कारण फाटकावर बसलेल्या माणसाकडून सोसायटीची पहिली अपेक्षा असते ती त्याचा आवाज न होण्याची. दुचाकीस्वाराच्या रेनकोटचे प्लास्टिक आहे तसेच वाजेल. काचेआडच्या गृहस्थाचा कोट जुन्या पश्मिन्याच्या अस्तराने मऊ करून त्यात तांब्याची वेटोळी बसवायची.

दोन शंका उरल्या आहेत. वेटोळ्यांसाठी तार किती आणि कशी घ्यावी? आणि प्रयोग सभागृहात करावा की चौकात, यावर कोणाचे काही मत आहे का?

धनऋण यांचा प्रतिसाद

पंख्याच्या मोटरला गुंडाळतात ती लाखेचा थर असलेली बारीक तांब्याची तार चालेल. आवाज पकडायला वेढे भरपूर लागतात, त्यामुळे एकच मोठे सपाट वेटोळे करण्यापेक्षा बाटलीच्या झाकणाएवढी, प्रत्येकी काहीशे वेढ्यांची वेटोळी वेगळी गुंडाळून कॉलर, मनगट आणि आतल्या खिशाजवळ शिवावीत. फोन त्या खिशातच ठेवावा. वेढे मोकळे असले तर तार तुटते, म्हणून गुंडाळल्यावर वरून मेणाचा हात द्यावा.

अनाहत यांचा प्रतिसाद

जागेबद्दल. ब्राझीलचे कलावंत एलिओ ओइतिसिका यांनी १९६४ पासून ‘पारांगोले’ नावाच्या कापडी, प्लास्टिकच्या, तागाच्या झुली करायला सुरुवात केली. त्या भिंतीवर टांगून पाहायच्या नव्हत्या, अंगावर घेऊन सांबा नाचायचा होता. १९६५ मध्ये रिओच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या प्रदर्शनाला ते मांगेइरा वस्तीतल्या सांबा नर्तकांना घेऊन गेले, तेव्हा त्यांना आत नाचू दिले नाही आणि तो नाच बाहेरच्या बागेत झाला. देशात वर्षभरापूर्वीच लष्करी राजवट आलेली होती. त्या दिवशी दारानेच प्रयोगाचा अर्थ पुरा केला.

तुम्हाला असे दार आयते मिळणार नाही. भर चौकात पोलिसांची परवानगी तर लागेलच, शिवाय खाकीची ती बारीक कडकड रहदारीत पार बुडून जाईल आणि गृहस्थाचे निःशब्द असणेही कोणाच्या लक्षात येणार नाही. शाळेचे किंवा संस्थेचे छोटे, रस्त्याकडे खिडक्या असलेले दालन निवडावे, असे मी सुचवतो. पहिला अर्धा प्रयोग खिडक्या उघड्या ठेवून करा आणि मग त्या बंद करण्याचे काम गृहस्थाच्या पात्राला नव्हे, सुरक्षारक्षक बाईला द्या.

धनऋण यांचा प्रतिसाद

एक राहिले. सभागृहातील जुन्या पद्धतीचे डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारी यंत्रे) अर्धवट उजेडावर असताना वेटोळ्यांत प्रचंड घरघर येते आणि त्यात फोनचा आवाज ऐकूच येत नाही. त्यामुळे हेडफोनसह किमान एक तालीम प्रत्यक्ष जागेत, प्रकाशयोजनेसकट घ्या आणि गृहस्थाच्या प्रवेशात दिवे एकतर पूर्ण ठेवा किंवा पूर्ण बंद.